रात्रीची गाडी पुन्हा नाशिकला

लासलगावचा दिवस लिलावाच्या हाकेने उजाडतो. 1947 साली स्थापन झालेल्या येथील बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि येथे फुटलेला कांद्याचा भाव दुपारपर्यंत देशभर पोहोचतो. या बाजाराभोवती जैन कुटुंबांच्या पेढ्या, खळी, किराणा आणि कापडाची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. पुढची पिढी शिक्षणासाठी आणि व्यवसायासाठी नाशिक, पुणे, मुंबईकडे सरकली. जुन्या घरात मात्र आई-वडील राहिले, कारण स्थानक येथे आहे, ओळखीची माणसे येथे आहेत आणि आयुष्याची सवय येथे आहे.

अशा घरांना एक प्रसंग चांगलाच परिचयाचा आहे. मध्यरात्र उलटते. वडिलांना दरदरून घाम फुटतो, किंवा आईला दम लागून झोपता येत नाही. शेजारचा मुलगा गाडी काढतो, नाशिकच्या मुलाला फोन जातो आणि सुमारे 60 किलोमीटरचा रस्ता धरला जातो. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात हृदयाचा आलेख निघतो, रक्त तपासले जाते, सलाइन लागते. दोन दिवसांनी मंडळी घरी येतात, समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण दीड-दोन महिन्यांनी गाडी पुन्हा त्याच वेळी, त्याच रस्त्याने निघते. वर्षाकाठी अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की घरात एक वाक्य रूढ होते: ‘वयच झालंय, चालायचंच.’

वैद्यकशास्त्र हे वाक्य मान्य करीत नाही. वर्षभरात चार किंवा अधिक वेळा आपत्कालीन विभागात येणाऱ्या रुग्णांना अभ्यासकांनी ‘वारंवार येणारे’ अशा वेगळ्या गटात ठेवले आहे. अमेरिकेतील अनेक अभ्यासांचा 2010 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात असे दिसले की हे रुग्ण एकूण रुग्णांच्या साडेचार ते आठ टक्केच असतात, परंतु विभागातील 21 ते 28 टक्के भेटी त्यांच्या असतात. ही माणसे विनाकारण येतात, असा समज तोवर प्रचलित होता. आढाव्यातून उलटे चित्र पुढे आले: त्यांतील बहुतेकांना खरोखरीचे, बहुधा जुनाट आजार असतात आणि इतर दवाखान्यांतही त्यांचे जाणे-येणे अधिक असते. वारंवार होणारी फेरी ही रुग्णाची हौस नसते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात काहीतरी निसटते आहे, याची ती खूण असते.

व्यापारी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. चाळीतला कांदा सडू लागला की शहाणा व्यापारी सगळी चाळ दुर्गंधीने भरेपर्यंत थांबत नाही. ओल कुठून आली, हवा कुठे कोंडली, हे तो आधी पाहतो आणि खराब माल वेळीच वेचून काढतो. घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र आपण प्रत्येक वेळी सडलेला कांदा फेकतो आणि ओल तशीच ठेवतो.

ही ओल बहुधा चार ठिकाणी सापडते.

पहिले ठिकाण : औषधांचा डबा

लासलगावातील एखाद्या ज्येष्ठाची हृदयाची औषधे नाशिकच्या डॉक्टरांकडून येतात, गुडघ्याची दुसऱ्याकडून, मधुमेहाची गावातील फॅमिली डॉक्टरांकडून. झोपेची गोळी कोणीतरी कधीतरी लिहून दिलेली असते आणि ती तशीच चालू राहते. मेडिकलच्या दुकानातून अंगदुखीची गोळी चिठ्ठीविना येते. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतो, पण सगळ्या गोळ्या एका माणसाच्या पोटात जातात, आणि तो हिशेब कोणाच्याच वहीत नसतो. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा घेतले जाते. रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक गोळी एकत्र आल्या, त्यात पाणी कमी पडले, तर मूत्रपिंडावर ताण येतो.

2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने 65 वर्षांवरील रुग्णांना औषधांच्या दुष्परिणामांमुळे तातडीने का दाखल करावे लागते, याचा शोध घेतला. सुमारे दोनतृतीयांश घटनांमागे चारच प्रकारची औषधे होती: रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, इन्सुलिन, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या आणि साखर कमी करणाऱ्या गोळ्या. ही काही दुर्मिळ औषधे नव्हेत. मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या बहुतेक घरांत यांतील एखादे तरी कपाटात असते. वृद्धांसाठी जोखमीच्या औषधांची ‘बीयर्स’ या नावाने ओळखली जाणारी यादी 1991 पासून वेळोवेळी सुधारली जाते. तिच्या 2023 च्या आवृत्तीत ग्लिमेपिराइड ज्या गटात मोडते, त्या मधुमेहाच्या गोळ्या वृद्धांना पहिली निवड म्हणून देणे टाळावे असे सुचवले आहे, कारण त्यांनी साखर एकाएकी खाली जाऊ शकते. याचा अर्थ गोळी आपल्या मनाने बंद करावी असा नाही. डॉक्टरांना प्रश्न विचारावा, इतकाच आहे.

दुसरे ठिकाण : तप आणि औषध यांची गाठ

हा विषय जैन घरांचा स्वतःचा आहे आणि त्यावर मोकळेपणाने बोलणे आवश्यक आहे. अनेक ज्येष्ठ श्रावक-श्राविका बारमाही चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. सकाळी नवकारशीपर्यंत तोंडात काही जात नाही. हिवाळ्यात हा काळ बारा तासांहून मोठा होतो. त्यात संध्याकाळी घेतलेली मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन रात्रभर आपले काम करीत राहते. पहाटे घाम, थरथर, बोलण्यात असंबद्धता दिसते. घरच्यांना हृदयविकाराचा झटका वाटतो, पण रक्तातील साखर 50 वर आलेली असते.

आयंबिलाच्या ओळीत मीठ वर्ज्य करणारे ज्येष्ठ लघवी वाढवणारी गोळी चालू ठेवतात आणि शरीरातील सोडियम उतरून गुंगी येते. पर्युषणात उपवास, बेला, तेला किंवा अठ्ठाई करताना पाणी उकळलेले आणि सूर्यास्तापर्यंतच घ्यायचे असते. वृद्धापकाळी तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे जेवढे पाणी चालते तेवढेही पोटात जात नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी नवी मधुमेहाची औषधे दीर्घ उपवासात धोक्याची ठरू शकतात, म्हणून डॉक्टर ती बहुधा आधीच थांबवतात. परंतु उपवासाचा संकल्प डॉक्टरांना कळवलेलाच नसतो. ‘डॉक्टर नको म्हणतील’ ही भीती असते.

ही भीती आता तितकी सार्थ राहिलेली नाही. 2017 मध्ये भारतीय अंतःस्रावतज्ज्ञांच्या नियतकालिकात जैन उपवासांतील साखरेच्या नियोजनावर स्वतंत्र लेख प्रसिद्ध झाला. कोणत्या रुग्णाने उपवास टाळावा, कोणाला औषधाची वेळ आणि मात्रा बदलून तो करता येईल, असा विचार आता होऊ लागला आहे. एकासणा, बियासणा, चौविहार, तिविहार हे शब्द डॉक्टरांना समजावून सांगणे हे घरच्यांचे काम आहे. चातुर्मास बसण्याच्या पंधरा दिवस आधी ही भेट झाली, तर पर्युषणातली एक धावपळ टळू शकते.

शास्त्रानेही येथे वाट ठेवली आहे. पच्चक्खाणाच्या पाठात जे आगार सांगितले आहेत, त्यांत सर्व प्रकारच्या समाधीसाठीचा आगार आहे. तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळत असेल, तर औषध घेतल्याने पच्चक्खाणाचा भंग होत नाही, असा त्याचा आशय परंपरेने मानला आहे. तरीही साखर उतरलेल्या आजी साखरेच्या पाण्याचा पेला दूर सारतात आणि सुनेला समोर उभे राहून काय करावे ते सुचत नाही. या आगाराचा अर्थ आजारपण येण्याआधीच, शांतपणे, साधू-साध्वीजींना विचारून घरात सर्वांच्या समक्ष समजून घेतला पाहिजे. रात्री दोन वाजता ती चर्चा होऊ शकत नाही.

तिसरे ठिकाण : घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस

रुग्णालयातून सुटी मिळते तेव्हा हातात जाडजूड फाईल असते. कोणती जुनी गोळी बंद झाली, कोणती नवी सुरू झाली, हे त्या इंग्रजी कागदात कोठेतरी असते. घरी आल्यावर जुना डबाही चालू राहतो आणि नवाही. हृदयाची पंपिंगची शक्ती कमी झालेल्या रुग्णांनी सुटीनंतर 7 ते 14 दिवसांत डॉक्टरांना भेटावे आणि त्याआधी तीन दिवसांत फोनवर चौकशी व्हावी, अशी मार्गदर्शक सूचना आहे. प्रत्यक्षात बाजार चालू असतो, मुलगा लिलावात अडकलेला असतो आणि ती भेट ‘पुढच्या आठवड्यात’ ढकलली जाते.

अशा रुग्णांसाठी एक साधे साधन आहे: वजनकाटा. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलो वाढ झाली तर ती चरबी नसते, अंगात साठलेले पाणी असते, आणि दम लागण्याच्या कित्येक दिवस आधी काटा ते सांगतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला तर गोळीची मात्रा बदलून काम भागू शकते. ज्या घरात मालाच्या प्रत्येक क्विंटलची नोंद राहते, त्या घराला ही नोंद अवघड नाही.

चौथे ठिकाण : एकटेपणा आणि अंधार

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत 60 वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण 9.9 टक्के होते. त्यांतील कित्येकजण आज मोठ्या घरात दोघेच, किंवा एकटे राहतात. दिवसा माणसांची वर्दळ असते. रात्री घर शांत होते आणि छातीतली धडधड मोठी ऐकू येते. भीतीने श्वास जलद होतो, श्वासाने भीती वाढते. तपासण्या ‘नॉर्मल’ येतात आणि घरचे कंटाळून म्हणतात, ‘काही नव्हतंच.’ काहीच नव्हते असे नसते. चिंता आणि खिन्नता हेही उपचार करण्याजोगे आजार आहेत.

याच रात्री जुन्या घरांचे उंच उंबरे, गुळगुळीत न्हाणीघर आणि अरुंद जिना घात करतात. झोपेची गोळी घेतलेला माणूस लघवीला उठतो, अंधारात पाय अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडते. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा, भिंतीला धरायला दांडा, न घसरणारी चप्पल यांचा खर्च एका ॲम्ब्युलन्सच्या भाड्याहून जास्त होत नाही.

हे सारे केले म्हणजे फेऱ्या हमखास थांबतील, असा दावा मात्र करता येत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन शहरात डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा एक टक्का रुग्णांवर सुमारे 30 टक्के खर्च होत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी परिचारिका आणि समाजसेवक या रुग्णांच्या घरी पाठवले. कार्यक्रमाची ख्याती जगभर झाली. पुढे 800 रुग्णांवर त्याची काटेकोर चाचणी झाली आणि जानेवारी 2020 मध्ये निकाल आला: कार्यक्रमातील 62.3 टक्के आणि बाहेरचे 61.7 टक्के रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा दाखल झाले होते. म्हणजे फरक पडला नाही. अतिशय वाईट काळानंतर काही रुग्णांच्या फेऱ्या आपोआपच कमी होतात, आणि ते श्रेय आपण भलत्याच उपायाला देतो, हे त्या चाचणीने दाखवले. केवळ विचारपूस पुरत नाही. औषध, आहार, निवारा आणि नियमित डॉक्टर या गोष्टी मुळात हाताशी असाव्या लागतात. लासलगावच्या व्यापारी घरांत त्या बहुतांशी आहेत. त्यांना एका धाग्यात ओवण्याचे काम तेवढे राहिले आहे.

त्या धाग्याची सुरुवात एका वहीने होऊ शकते. रोजमेळ आणि खतावणी यांच्याशेजारी घरातील प्रत्येक ज्येष्ठाची एक आरोग्यवही असावी. पहिल्या पानावर आजारांची नावे, ॲलर्जी आणि दोन नातेवाइकांचे फोन. दुसऱ्यावर चालू औषधे, त्यांच्या मात्रा आणि वेळा, बंद केलेली औषधे तारखेसह. तिसऱ्यावर पाळत असलेली व्रते. त्यापुढे वजन, रक्तदाब, साखर आणि प्रत्येक आपत्कालीन फेरीचे कारण. दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा ही वहीही उघडावी आणि वर्षाचा ताळेबंद मांडावा: किती फेऱ्या झाल्या, कोणत्या वेळी, आधी काय घडले होते. एकच कारण दुसऱ्यांदा दिसले तर ते डॉक्टरांपुढे ठेवावे. सगळ्या गोळ्या पिशवीत भरून वर्षातून दोनदा एकाच डॉक्टरांना दाखवाव्यात.

पैशाचाही एक मुद्दा आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते आणि त्यातून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण लाभते. मात्र ही योजना, तसेच बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी, मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलतात. जो साधा तपास आणि जी साधी गोळी रुग्णाला खाटेपासून दूर ठेवते, तिचा खर्च घरालाच करावा लागतो. हा खर्च वाचवणे म्हणजे गोणीच्या सुतळीत काटकसर करून माल सांडू देणे होय.

येथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. फेऱ्या कमी करण्याच्या नादात खरी फेरी चुकता कामा नये. छातीत दडपण येऊन ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, बसूनही श्वास पुरेना, शुद्ध हरपली, पडल्यानंतर उभे राहता येईना किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर वाट पाहू नये. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यात रस्त्याचा वेळही मोजावा लागतो. म्हणून गावातील ग्रामीण रुग्णालयात आणि जवळच्या दवाखान्यात रात्री कोणती सोय आहे, पक्षाघाताच्या रुग्णाला थेट कुठे न्यावे, हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवावे. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची ॲम्ब्युलन्स सेवा विनामूल्य आहे, आणि प्राणवायूची सोय असलेली गाडी शेजाऱ्याच्या मोटारीपेक्षा केव्हाही बरी. साखर 70 च्या खाली असून रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

आणखी एक प्रश्न घराघरांत टाळला जातो. व्याधी शेवटच्या टप्प्यात आहे, डॉक्टरांनी तसे सांगितले आहे, आणि वडिलांची इच्छा आपल्या खोलीत, नवकार मंत्र ऐकत राहण्याची आहे. तरीही श्वास अडखळला की गाडी निघते, कारण ‘काहीच केले नाही’ असे म्हणवून घेण्याची मुलांना भीती वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालाने अशा वेळी कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धतही सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरतात. हा विषय संथाऱ्याच्या धार्मिक निर्णयाहून वेगळा आहे. वेदनाशमन आणि शुश्रूषा त्यात थांबत नाहीत. वडील बोलू शकतात तोवर त्यांना विचारणे, हा त्यांचा मान आहे.

उरते ते संघाचे काम. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्य मोडते, आणि ज्यांची सेवा करावी त्यांत ‘ग्लान’, म्हणजे आजारी, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ही सेवा समाजाने मोठ्या प्रमाणावरही करून दाखवली आहे: अहिल्यानगरचे आनंदऋषीजी हॉस्पिटल जैन सोशल फेडरेशनने उभे केले. प्रत्येक गावाला हॉस्पिटल उभारता येणार नाही. परंतु साधू-साध्वीजींना सुखसाता विचारण्याची जी सुंदर रीत आपल्याकडे आहे, तिचा विस्तार मात्र कोणत्याही गावाला करता येईल. रुग्णालयातून परतलेल्या ज्येष्ठाला तिसऱ्या दिवशी एक फोन, सातव्या दिवशी एक भेट. भेटीत मिठाईच्या डब्याऐवजी तीन प्रश्न: औषधे जुळली का, पाणी पोटात जाते का, रात्री सोबत कोण असते? युवक मंडळाने पाळी लावून घेतली आणि महिला मंडळाने चातुर्मासापूर्वी तपस्वी ज्येष्ठांची एक आरोग्य तपासणी ठरवली, तर त्याला इमारत लागत नाही, फंड लागत नाही. ज्यांच्या घरी कोणीच नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची 14567 ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइनही आहे. पण परक्या आवाजाआधी ओळखीचा आवाज पोहोचणे केव्हाही चांगले.

लासलगावच्या बाजारात उधारी थकली की पेढीवरचा मुनीम ती तारखेसह सांगतो. घरातील आजींची शेवटची तपासणी कधी झाली, हे सांगणारा कोणीतरी प्रत्येक घरात असायला हवा. तो मुलगा असेल, सून असेल किंवा शाळेत जाणारी नात असेल. नाव ठरले की अर्धे काम झाले.